सिसिलच्या धनुष्याची दोरी

९ जानेवारी १९८३, रविवार
देवळातल्या मिसाहून आले तर सिसिलने स्वयंपाकघराच्या ओट्यावर बांबूचं धनुष्य ठेवलेलं, बोंबलांच्या टोपल्याशेजारी. आधी ओरडले. मग हातात घेतलं आणि राग कुठच्या कुठे गेला. काय तासलंय! शाळेत तिरंदाजी शिकवणाऱ्या सरांनी पूर्वेला डोंगराकडच्या लखमाकडून करून आणलंय. ६ मार्चला ठाण्याला मुलींची निवड. बारा जणींतून चौघी राज्याच्या संघात जाणार. बारा जणींत आमची सि. आहे, नववीतली. भुईगावातून एकटीच. (हे दोनदा लिहायला हरकत नाही. एकटीच.)
धनुष्य देखणं, पण दोरी भिकार. कुठल्याशा पार्सलची सुतळी. तसं म्हटलं तर सि. म्हणते, "मग तू वळ ना, आय. आजोबांची लेक ना तू?"
डिवचलं की मी उठते हे तिला बरोबर ठाऊक.

१४ जाने., शुक्र.
शाळेतून येताना तागाचा वाख आणला. चौथीच्या मुलांना हस्तकलेत कागदाच्या होड्या शिकवणारी बाई आज अंगणात उकिडवी बसून दोर वळत होती. शेजारची मार्था कुंपणावरून दहा मिनिटं बघत राहिली.
बाबा रहाटाचे दोर वळायचे. अख्ख्या भुईगावच्या विहिरींवर त्यांच्या दोराला मडकी बांधलेली असायची. मुलगा नव्हता, म्हणून दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. सात-आठ वर्षांची मी, टोक धरून मागे मागे चालत केळीत शिरायचे. मग वाडीत पंप आले, रहाट गेले, बाबाही गेले. वीस वर्षांत हात लावला नव्हता. पण हात विसरले नाहीत. तीन पदर, एकसारखा पीळ, टोकाला फास आणि फासाचं शेपूट परत दोरीतच विणून टाकलेलं. गाठ कुठेच नाही. बाबांचा नियम पाळला: वळताना वाख ओला, बसवतानाही दोर ओला.
संध्याकाळी ह्यांना दाखवली. "छान आहे," म्हणाले, पेपरातून डोकं न काढता. ऑफिसात ह्यांचं कसं चालतं देव जाणे.

२२ जाने., शनि.
सर घरी आले. बगलेत फळी, फळीला दोन खिळे. त्यांची पद्धत अशी: मजबूत दोरा एका खिळ्याकडून दुसऱ्याकडे फेरे घालत न्यायचा, चौदा फेरे. मग दोन्ही टोकांशी बारीक दोरा आवळून गुंडाळला की फास तयार. पीळ नाही, वळणं नाही. अर्ध्या तासात दोरी. खिळे हलत नाहीत, म्हणून दरवेळी लांबी तीच.
"बाई, तुमच्या हातात कला आहे, मान्य. पण निवडीत कलेचं काय काम? तिथे दरवेळी तेच लागतं."
सर म्हणजे तरुण मुलगाच, विनयाने बोलत होता, म्हणून जास्तच लागलं. म्हटलं, सव्वीसला झेंडावंदनानंतर मैदानावर दोन्ही लावून बघू.
त्यांच्या चहात साखर कमी पडली असेल तर तो योगायोग.

२६ जाने., बुध.
लिहावंसं वाटत नाही. लिहिते.
सगळी शाळा थांबली होती. मीच थांबवली होती. तासभर आधी दोरी पाण्यात भिजवून, ओलीच बसवली. पहिले चार बाण सुंदर. मी मान वर करून सरांकडे बघितलं. मग ऊन लागलं तशी दोरी सैल पडत गेली. सातव्या बाणाला सि.च्या मनगटावर फटकन बसली. आठव्याला परत तिथेच. मनगट टम्म सुजलं, बाण कुठल्या कुठे. सरांनी फेऱ्यांची दोरी चढवली, उरलेले बाण सरळ गेले.
सरांनी माझी दोरी नीट गुंडाळून हातात दिली. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.
घरी आल्यावर तिच्या मनगटाला हळद लावली. फार लाज वाटली. दोरीची नाही, माझ्या ताठ मानेची.

३० जाने., रवि.
न राहवून लखमाकडे गेले, सि.ला घेऊन. एस.टी. आणि पुढे तासभर चाल. त्याच्या स्वतःच्या कामठ्याला (धनुष्याला तो कामठा म्हणतो) बांबूच्या सालीची पट्टी असते, ना वाख, ना दोरा. माझी दोरी त्याने बोटांत फिरवली, वास घेतला आणि हसायला लागला.
"बाय, ही पान्यातली दोरी. रहाटाची. बान काय विहिरीत सोडनार हाय?"
मी बघतच राहिले. बाबांचा दोर जन्मभर पाण्यात असायचा. ओला झाला की आखडायचा, घट्ट बसायचा, म्हणून ते ओला बसवायचे. धनुष्य उन्हात. सुकली की दोरी लांबणारच! एवढी साधी गोष्ट, आणि मी शाळेत मास्तरीण.
परत येताना दोघी वाटभर हसत होतो. सि. मध्येच म्हणायची, "आय, विहीर आली, सोडू का बाण?"

६ फेब्रु., रवि.
नवी दोरी. वळताना पाणी बोटांपुरतं. मग चिकूच्या फांदीला टांगून खाली वरवंटा बांधला, दोन दिवस. ताणायची तेवढी आधीच ताणून घेतली. (ह्यांनी विचारलं, चटणी कशावर वाटणार? म्हटलं, संघात जाईपर्यंत चटणी नाही.) वर मेण. देवळातून मागच्या ईस्टरच्या पास्का-मेणबत्तीचे तुकडे मागून आणले, ते खऱ्या मधमाशीच्या मेणाचे.

१६ फेब्रु., राखेचा बुधवार
संध्याकाळी सराव. धनुष्य तेच, दोन्ही दोऱ्या पाळीपाळीने. सरांच्या दोरीचा एक फेरा बांबूच्या खाचेवर घासून तुटला. दोरा एकच, अखंड. एक फेरा तुटला आणि बाकीचे सगळे ढिले पडले, बाण पायाशी. कपाळावर उपवासाच्या पहिल्या दिवसाची राख होती म्हणून हसले नाही. माझ्या दोरीने साठ बाण काढले. साठाव्यानंतर तिचा एक पदर उसवलेला दिसला, पण दुसरे दोन पकडून होते.
सर जवळ येऊन मातीत बसले. "बाई, ते फासाचं शेपूट आत कसं घालता? एकदा दाखवा."
तीनदा दाखवलं. चौथ्यांदा त्यांनी स्वतः घातलं. बाबा, कुठे असाल तिथून बघा. तुमचा दोर शिकायला माणूस खाली बसला.

२० फेब्रु., रवि.
पण सर खोटं बोलत नाहीत. आज त्यांनी मूठ आणि वर अंगठा धरून धनुष्य आणि दोरीमधलं अंतर मोजून दाखवलं. त्यांच्या नव्या दोरीचं सकाळी जेवढं, दुपारी तेवढंच. माझी, तीही नव्याने वळलेली, ऊन चढलं की किंचित सैल पडून उतरते. तेव्हा काढून दोन पीळ जास्त द्यायचे, की परत जागेवर. मला सोपं आहे. डोळे मिटून देईन.
"ठाण्याला रेषेच्या आत तुम्हाला सोडणार नाहीत, बाई," सर म्हणाले. "पीळ कोण देणार?"
चांगली दोरी असून उपयोग काय, ती ओळखणारे हात तिथे नसतील तर.

२७ फेब्रु., रवि.
जेवताना मी आपली माझ्या दोरीची बाजू मांडत होते. तुटली तरी धरून राहते वगैरे. हे मान डोलवत होते. सि.ने ताट बाजूला सरकवलं.
"तुम्ही दोघं दीड महिना दोरीवरून बोलताय, तू आणि सर. मला कुठली हवी, कोणी विचारलंय?"
मी म्हटलं, "मग सांग."
"अजून नाही माहीत." आणि उठून गेली.
राग आला. मग हसू आलं. ही असली ठसकेबाज कोणावर गेली ते शोधायला दूर जायला नको. पण तिचं खरं आहे. मी विचारलं नव्हतं.

५ मार्च, शनि.
दुपारी सि.ने वाख मागितला. एवढंच. मदत मागितली नाही. मागच्या पडवीत बसली, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून. बाबा तसेच बसायचे. तिने त्यांना पाहिलेलंही नाही. माझं बघून शिकली म्हणावं तर मी अंगठा वापरत नाही.
मी आत वाल सोलत होते, म्हणजे सोलल्यासारखं करत होते. फासापासून वीतभर अंतरावर तिचा पीळ फसला. एक पदर जाड गेला, दोरी तिथे फुगली. जीभ दातांखाली धरली. उठायला झालं, उठले नाही. दोनदा पाणी प्यायले.
तिने सगळी उलगडून परत वळली. फुगवटा परत आला, पण लहान. मग मेण लावलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि पडवीतल्या खिळ्यावर टांगून खाली वरवंटा बांधला. रात्रभरच. दोन दिवस हवे होते.
खिळ्यावर आता तीन दोऱ्या. सरांची, माझी, तिची.

६ मार्च, रवि.
सर सकाळी सहाला न्यायला आले. मी सि.च्या कपाळावर क्रूस काढला, डबा दिला. दोरीचं विचारलं नाही. कसं राहवलं माझं मला माहीत.
सकाळच्या मिसात लक्ष नव्हतं. घरी आले ती सरळ पडवीत गेले.
वरवंटा खाली जमिनीवर. खिळ्यावर दोन दोऱ्या. सरांची आहे. माझी आहे, तिच्यात एकही दोष नाही.
वाईट वाटलं का? हो, चहा होईपर्यंत. मग ह्यांना हाक मारून खिळा दाखवला. पेपर बाजूला ठेवून उठले, बघितलं आणि म्हणाले, "दोघांचीही नाही नेली?" म्हटलं, नाही. आपली नेली. आणि मी शिऱ्यासाठी रवा काढायला निघाले, तर हे म्हणतात, अगं, निवड अजून व्हायचीय.
व्हायचीय. आता साडेअकरा. पहिली फेरी चालू असेल. एका रात्रीची ताणलेली दोरी, त्यात तो फुगवटा.
अंगणात ऊन पायऱ्यांपर्यंत आलंय. एव्हाना दोरी उतरली असेल. काढ, बाय. दोन पीळ दे.