अण्णांची परिचयमाला

४ एप्रिल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमच्या गुडघ्याला ते नवीन मलम लागू पडलं का, ते कळवा. अण्णांची तब्येत चांगली आहे. हाताचा कंप तसाच, पण आवाज खणखणीत. पेपर वाचून दाखवताना सुनेनं एखादा शब्द गिळला तरी सासऱ्यांना लगेच कळतं. हे नेहमीसारखे दौऱ्यावर. महिन्यातून चार दिवस घरी असतात आणि त्या चार दिवसांत "घर किती शांत आहे" असं आठ वेळा म्हणतात.

तुमच्या भाचीची शाळेची शेवटची परीक्षा झाली. तिला जीवशास्त्र घ्यायचंय. सध्या खिडकीत एका बरणीत दोन गोगलगाई ठेवल्यात आणि त्या रोज किती पान खातात याची वही केली आहे. घरात तेवढाच काय तो पाहुणचार.

अण्णांची परिचयमाला यंदा सतरा पुस्तकांची झाली. 'भूशास्त्र परिचय' छापून आलं, आता 'खगोलशास्त्र परिचय' घ्यायचंय. शिवाय मालेतलं पहिलं पुस्तक, 'तर्कशास्त्र परिचय', त्याची पंचविसावी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकांकडच्या संपादकबाई त्यानिमित्त छोटंसं प्रदर्शन मांडणार म्हणून मूळ हस्तलिखित मागत होत्या. मी स्टुलावर चढून कपाटावरची पेटी खाली काढली.

त्यात पहिली सहाही पुस्तकं तुमच्या अक्षरात निघाली. अण्णांनी प्रस्तावनांमध्ये लिहिलंच आहे, "मुद्रणप्रत माझ्या कन्येने तयार केली," त्यामुळे नवल वाटायचं कारण नव्हतं. फक्त एक विचारायचं होतं. तर्कशास्त्राच्या तिसऱ्या प्रकरणात छत्रीचं उदाहरण तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलंय आणि समासात बारीक अक्षरात टिपलंय, "अण्णांना पटणार नाही, पण मुलांना कळेल." हे कुणाचं? सहज विचारलं. घाई नाही.

मी मजेत आहे. पाठ जरा धरते, लिहायचं टेबल उंच आहे ना.

तुमची
वहिनी


९ मे

ताई,

तुमचं पत्र मिळालं. "जुने कागद रद्दीत द्या, धुळीनं खोकला होतो." एकूण चार ओळी, त्यातली एक उकाड्यावर.

मग मीच बोलते.

'भूशास्त्र परिचय' मी लिहिलं. त्याआधीची दहाही मीच. लग्नानंतर पहिलं वर्ष अण्णा सांगायचे आणि मी लिहून घ्यायचे, हे खरं. दुसऱ्या वर्षी म्हणाले, "मुद्दा तुला कळलाय, तूच मांड, मी नजर टाकतो." तिसऱ्या वर्षापासून नजरही टाकत नाहीत. त्या त्या विषयाचे प्राध्यापक टिपणं पाठवतात, मी ती पहिल्या वर्षाच्या पोरांना समजतील अशी करते, अण्णा सही करतात. प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळीत मी असते: "लेखनिक म्हणून सूनबाईंची मदत झाली."

मला अकरा विषय येतात, ताई, आणि एकही येत नाही. मागणी-पुरवठ्याच्या आलेखापर्यंत मी अर्थशास्त्री. मानसशास्त्रात लहान मुलाच्या रडण्यापर्यंत. प्रत्येक विषयाच्या दारातून मी हजारो मुलांना आत सोडलं, आणि पुढच्या दारावर जाऊन उभी राहिले. भूशास्त्राच्या वेळी मात्र जीव अडकला. एका खडकात तीन समुद्र सापडतात, हे वाचलं आणि त्या दिवशी माझा कुकर करपला. टिपणं देणाऱ्या प्राध्यापकांना विचारलं, यापुढचं पुस्तक कोणतं? त्यांनी बिचाऱ्यांनी यादी पाठवली. अण्णा म्हणाले, "सूनबाई, आपल्याला प्रवेशापुरतंच लागतं. आत गेलं की माणसं अवघड बोलायला लागतात." यादी टेबलाच्या खणात पडून आहे.

तुमची पानं पाहिली आणि लख्ख कळलं. सांगणारा माणूस चुकला तर लिहिणाऱ्याची अख्खी ओळ खोडावी लागते. स्वतः लिहिणारा एकेक शब्द खोडतो. तुमच्या पानांवर एकेक शब्द खोडलाय. माझ्याही.

आणि मग ते आठवलं. माझं लग्न ठरायच्या आधी तुम्ही मी काम करत होते त्या वाचनालयात आलात. घरचं, आवडीनिवडीचं काही विचारलं नाहीत. वनस्पतींवरच्या एका जाड पुस्तकाचं पान उघडून म्हणालात, "एवढं लहान मुलीला कळेल असं लिहून दाखव ना, गंमत म्हणून." मी लिहिलं. तुम्ही दोनदा वाचलंत आणि माझा हात हातात घेतलात. केवढी मायाळू नणंद मिळाली म्हणून मी आईला सांगत सुटले होते! लग्नानंतर तीन महिन्यांत तुम्ही दुसऱ्या शहरात नोकरी धरलीत. अठरा वर्षांत या घरी कधी दोन दिवसांवर राहिला नाहीत.

परवा ती पानं अण्णांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं.

"हे तिचं. पहिली सहा तिनंच लिहिली," म्हणाले. आजचा वार सांगावा तसं.

"मग तिचं नाव का नाही?"

"मुलं नावावर भरवसा ठेवून पुस्तक उचलतात, सूनबाई. नाव बदललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून." मग अगदी मायेनं म्हणाले, "ती जाते म्हणाली तेव्हा मला वाटलं, माला संपली. मी म्हटलं, खुशाल जा, पण माझी सोय लावून जा. तिनं तुला आणलं. पारख आहे तिला."

सोय. अठरा वर्षं मी स्वतःला सून समजत होते.

ह्यांना फोन केला. म्हणाले, "ताई लिहायची हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. त्यात नवीन काय? घरचंच काम." मागे कुठल्यातरी हॉटेलातला टीव्ही चालू होता.

हे सगळं मी गिळलं असतं. गिळायची सवय आहे. पण आज सकाळी दूध घेऊन आले, तर टेबलाशी माझी मुलगी बसली होती. अण्णा शेजारी आरामखुर्चीत, डोळे मिटून. तिच्यापुढच्या कागदावर लिहिलेलं: "खगोलशास्त्र परिचय. प्रकरण पहिलं."

"हिचं अक्षर तुम्हा दोघींपेक्षा स्वच्छ आहे," अण्णा म्हणाले. "घराजवळच्या कॉलेजात तर्कशास्त्र घेतलं तर दुपारनंतर मोकळीच असेल."

पोरगी खुशीत होती. म्हणाली, "आई, मी पहिलं वाक्य स्वतःच्या मनानं लिहिलं. आजोबा म्हणाले, उत्तम!"

मलाही उत्तमच म्हणाले होते. तुम्हाला काय म्हणाले होते, ताई?

या वेळी उकाड्यावर लिहू नका.

तुम्ही पारखून आणलेली
वहिनी


२० जून

ताई,

हे पत्र तुमच्या भाचीच्याच हाती देते आहे. पाकीट चिकटवलंय. ती फोडणार नाही, तेवढी सरळ आहे.

तुमची नऊ पानं मिळाली. एका बैठकीत वाचली, मग पुन्हा वाचली. "दार एकच होतं आणि त्यातून एकीलाच बाहेर पडता येत होतं," असं तुम्ही लिहिलंय. मी तुमच्यावर चिडून उत्तर लिहायला घेतलं होतं. दोन पानं झालीही होती. फाडून टाकली. का, ते आता सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

मागच्या पत्रात मी ते ज्या तऱ्हेनं लिहिलं, त्यावरून तुम्हाला वाटलं असेल की मी मुलीला तिथल्या तिथे खुर्चीतून उठवलं. नाही उठवलं.

आठ दिवस बसू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी तिला हाक मारली, मला मारली नाही, आणि मी स्वयंपाकघरात कान देऊन नुसती उभी राहिले. मग चपला घातल्या, वाचनालयात गेले आणि भूशास्त्राचं पुढचं पुस्तक घेऊन आले. मागच्या खोलीत दार लोटून वाचत बसले. आठ दिवसांत एकशे दहा पानं. निम्मं कळत नव्हतं. न कळण्यातही इतका आनंद असतो हे मला ठाऊकच नव्हतं. पलीकडून अण्णांचा आवाज यायचा, "हे सोपं कर," आणि तिच्या पेनाची खरखर. मी पान उलटायचे. मला वाटायचं, एवढं एक पुस्तक लिहू दे तिला. एकच. तुम्हालाही असंच काहीतरी वाटलं असणार.

नवव्या दिवशी ती पाणी प्यायला आत आली. बोटाला शाई. बरणीतल्या गोगलगाई तिनं बाहेर झाडीत सोडून दिल्या होत्या आणि मला ते चार दिवस कळलंही नव्हतं. मी विचारलं, का गं? म्हणाली, "वेळ कुठाय आई?" आणि मग, "हे पुस्तक संपलं की मी सुटले ना?"

मी पुस्तकात खूण घातली, चपला घातल्या आणि वाचनालयात ते परत करून आले. आल्यावर टेबलाशी जाऊन तिला म्हटलं, "ऊठ."

अण्णांनी डोळे उघडले.

"ती ताईंकडे राहून जीवशास्त्र शिकेल," मी म्हटलं. "मी लिहीन."

चिडले नाहीत. ते कधी चिडत नाहीत, हेच तर अवघड आहे.

"फक्त खगोलशास्त्र?"

"नंतरचीही."

"तोंडी नको," म्हणाले. "प्रकाशकांना कळवून टाक, पुढची तीन पुस्तकं ठरली म्हणून." ते पत्रही मीच लिहिलं. त्यांनी सही केली.

अॅडमिशन तुमच्या शहरात झालंय. ह्यांना मी कागदावर सही घेताना सांगितलं. ते म्हणाले, घर आणखीच शांत होईल.

आता तिच्याबद्दल. सकाळी तिला लवकर उठवू नका, उगाच धुसफुसते. चिखलानं भरलेल्या चपला घेऊन घरात येईल, बोला खुशाल. तिनं काही लिहिलं तर वाचायला मागू नका. चुकून वाचलंत तर उत्तम म्हणू नका, त्या शब्दावर ती दिवसभर राबते. तुमच्या नऊ पानांमधली एक गोष्ट मी तिला सांगितली आहे: आत्यानं सहा पुस्तकं लिहिली. बाकीचं तुम्ही सांगा, तुम्हाला जमेल तेव्हा.

माफी मागू नका. मला ती ठेवायला जागा नाही.

एकच मागते. सुट्टीत तिला इकडे पाठवू नका. मी आणि हे तिकडे येऊन भेटू, किंवा नाही भेटणार. मी बोलावलं तरी पाठवू नका. अण्णा आजारी आहेत म्हणून कळवलं, माझी पाठ मोडली म्हणून कळवलं, पानभर रडून लिहिलं, तरीही नाही. मी फार चांगलं लिहिते, ताई. वाचणाऱ्याला पटेल असं लिहिते. तुम्ही पटवून घेऊ नका.

ती दारात उभी असेल. बॅग जड आहे, आधी ती घ्या.

तिची आई