गुंतवळ

२ डिसेंबर, निपाणी

मंगल, गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की नुसती बाटली बघतेस? मारुतीराव भावोजींची साखर उतरली का, की अजून चोरून लाडू चाललेत? आणि तुझी नात श्रिया, तिचा चष्म्याचा नंबर थांबला का? दिवसभर कॉम्प्युटर, पोरीला जरा उन्हात बसव. मी खुशाल आहे. रोज थोडं लिहीन आणि वही तुला पाठवीन, म्हणजे फोनवर तुझं 'आणि काय, आणि काय' नको.

नोकरी झकास आहे. रघुवीरअण्णांचं केसांचं गोदाम. बायका विंचरताना निघालेलं गुंतवळ साठवतात, फेरीवाला भांडी देऊन ते नेतो, आणि इथं ते सोडवून, धुऊन, लांबीप्रमाणं लावून विगवाल्यांना जातं. कुठल्या गावचा माल, कुणाचे केस, त्यांचे फोटो, सगळं मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर असतं. आता परदेशातला व्यापारी म्हणतो, क्लाउडवर ठेवा, आम्हाला इथून दिसलं पाहिजे. ते मी करायचं. उघडून-मोडून कॉम्प्युटर शिकलेल्या म्हाताऱ्या बाईवर अण्णांनी विश्वास टाकला, त्यांचं भलं होवो.

३ डिसेंबर

मागची खोली बघितली आणि किळस आली. सर्व्हर म्हणजे शिलाई मशीनएवढा डबा. हवेच्या जाळीत केस अडकलेले. गोदामात केस असणारच, पण हे ओले होते. शिळ्या खोबरेलाचा वास, आणि केसांना पांढऱ्या लिखा चिकटलेल्या. त्यात अण्णांच्या आई, मालुबाई, रोज सकाळी येऊन त्या डब्यावर तीनदा थुंकतात! गुंतवळ टाकताना आपण थुंकतो ना, दृष्ट लागू नये, करणी होऊ नये म्हणून, तसं. डब्यावर वाळलेले ओघळ तसेच. जुन्या ब्रशनं जाळी उकरली, फिनेलनं डबा पुसला. केस निवडणारी रूपाली दारातूनच म्हणाली, आक्का, आमची निपाणी धुवायला आलाय व्हय? हसली लई, पण खोलीत पाऊल टाकलं नाही.

५ डिसेंबर

जाळी परत भरली. परत ओली. परवाची साफसफाई पाण्यात.

मालुबाई माझ्यावर भडकल्या. डबा घरातच ऱ्हाऊ दे म्हणाल्या. मी गोडीनं समजावलं, की घरातला सर्व्हर वीज गेली की बंद, उंदरानं वायर कुरतडली की आडवा, आग लागली तर सगळंच गेलं. क्लाउडवर तसं नाही, तीन ठिकाणी प्रती राहतात. तीन ठिकाणी, म्हणत त्यांनी तोंडावर पदर धरला. मग म्हणाल्या, हितं थुकायला मी हाय, तिकडं कोण हाय गं बाई? अण्णांनी त्यांना आत नेलं आणि मला म्हणाले, म्हातारीचं मनावर घेऊ नका, चढवा तुम्ही.

क्लाउडवर खातं उघडलं, माझ्या फोनातही जोडलं, आणि चढवायला सुरुवात केली.

९ डिसेंबर

काल रविवारी बेळगावात अनगोळला तुमच्याकडं आले, पोटभर जेवले. उरलेल्या नोंदी पेनड्राइव्हवर आणल्या होत्या, त्या श्रियाच्या कॉम्प्युटरवरून चढवल्या. काय चटचट बोटं चालतात पोरीची! तिथं खात्यातून लॉग-आउट करायचं मात्र राहिलं. तिला सांग.

इथला डबा आज कोरडा ठणठणीत. एक केस नाही. मालुबाईंना दाखवायला नेलं, तर त्या डब्यावर थुंकल्याच नाहीत.

१० डिसेंबर

फोन चार्ज होईना. भोकात काळं काही दिसलं म्हणून टाचणीनं ओढलं. केस. ओढत गेले, हातभर आला. ओला, तेलकट, शेवटाला डोक्याच्या कातडीचा तुकडा. हात साबणानं धुतले, मग राखेनं. वास जात नाही.

रूपालीच्या फोनातही तेच. ती मालाचे फोटो त्याच खात्यावर टाकते. आज ती हसली नाही.

१२ डिसेंबर

मालुबाईंनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी एका बाळंतिणीची अख्खी वेणी, लाल फितीसकट, विकायला आली होती. चितेवर ठेवायच्या आधी कापलेली, न विचारता. अण्णांनी फोटो काढला, नोंद केली. वेणी पुढं जाळली, पण नोंद पुसली की परत येते. ती नोंद असेल तिथं ती बाई केस सोडते. म्हणून एकच डबा, एकच खोली, आणि रोजची थुंकी. तेवढ्यावर ती तिथं गपगार राहायची.

मला वेडगळ वाटलं असतं. पण आज भातात केस होता. घास गिळल्यावर कळलं. बोटं घालून ओढला, तर घशातून येतच राहिला, अर्धवट पचलेली शितं घेऊन.

१३ डिसेंबर

नोंद पुसली. परत आली. सगळं खातंच काढून टाका म्हणून क्लाउडच्या कंपनीला कळवलं. उत्तर आलं, की खातं बंद केलं तरी प्रती महिनाभर राहतात, तुमच्याच सुरक्षेसाठी. माझेच शब्द माझ्या तोंडावर.

रूपालीला उलट्या. गोळे पडताहेत, काळे. तिचा नवरा बादली घेऊन बाहेर जातो, बघत नाही.

१४ डिसेंबर

रूपाली गेली — डॉक्टर म्हणाले श्वास अडकला — अंगाला धक्का लागला तेव्हा तोंडातून वेणी लोंबली. विणलेली, मंगल. आत विणली गेली होती. टोकाला लाल फीत.

अण्णा पळाले. मालुबाई थुंकायला बघतात, त्यांच्या तोंडाला कोरड — नुसते केस येतात.

१५ डिसेंबर

जीभ जड. दातांत सतत काहीतरी — ओढलं की कानाच्या आत दुखतं —

फोन करत नाही. माझा फोन तुझ्या घरात वाजायला नको, खातं त्यात आहे. म्हणून पानं फाडून बेळगावच्या बसवाल्याकडं देते. श्रियाचा कॉम्प्युटर उघडू देऊ नको. फोडा. तुकडे घरात ठेवू नका. तिनं खातं आणखी कुठं उघडलं असेल तर — कॉलेजात — मैत्रिणीकडं —

तिला समोर बसवून जेवू घाल. घास अडकतो का बघ. आ कर म्हणावं, उजेडात बघ —

कागदावरच उत्तर दे. लवकर दे, मंगल, आजच लिही, पोरगी नीट गिळते का एवढंच लि