सुलभा खांबेटे यांची मिळकत आणि जबाब

मी, सुलभा भानुदास खांबेटे, वय वर्षे त्रेसष्ट, मूळ राहणार चिंचवड, पुणे, सध्या मुक्काम अल नहदा, शारजा, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. रक्तदाबाच्या एका गोळीपलीकडे मला औषध नाही. डोकं ठिकाणावर आहे. स्मरण चांगलं आहे, आणि अडचण तिथेच आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, गळ घातलेली नाही. दुबईत नोंदवण्याचा इंग्रजी मसुदा टायपिंग सेंटरमधून तयार करून घेतला आहे, पण त्यात फक्त मालमत्ता आहे. बाकीच्या गोष्टींसाठी त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. दोन्हींत कुठे फरक पडला तर हे मराठी खरं धरावं. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. चिंचवडचा फ्लॅट माझा मुलगा दर्शन आणि सून अंतरा या दोघांच्या नावे करावा. कागदावर अंतराचं नाव आधी यावं. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्याचं कामही तिच्याकडेच देते, कारण आमच्या घरात सही करण्याआधी वाचणारी ती एकटी आहे. बँकेतली ठेव तिने तिच्या समजुतीने वापरावी. इथला अल नहदाचा फ्लॅट भाड्याचा आहे. गच्चीतल्या कढीपत्त्याच्या दोन कुंड्या शेजारच्या अपर्णाकडे जाव्यात, त्यांना पाणी आताही तीच घालते.

कलम २. चार बांगड्या आणि मोत्यांच्या कुड्या नात आभा हिला. ती आठ वर्षांची आहे. मी लिहीत असताना समोर बसली होती. "आजी, आर यू डाइंग?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, लिहितेय फक्त. "ओके," म्हणाली आणि टॅबकडे वळली. मला तिचं वागणं आवडलं.

कलम ३. माझी नणंद वैभवी हिला माझ्या सहाही पैठण्या द्याव्यात. भानुदासच्या तेराव्याला चिंचवडला सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, "वहिनीच्या डोळ्यांतून एक थेंब आला नाही." ते खरं होतं. तेव्हा मला राग आला नाही, नंतर आला, आणि तो सात वर्षं टिकला. आता तोही नाही. साड्या चांगल्या आहेत, पडून राहू नयेत, एवढंच कारण.

कलम ४. माझे यजमान कै. भानुदास खांबेटे यांची हत्यारं: दोन पकडी, क्रिंपिंगचं मशीन, वायरीचं इन्सुलेशन तपासायचा जुना मेगर आणि त्याची चामड्याची पेटी. ही रास अल खोरच्या ट्रेनिंग रूममध्ये द्यावीत. कपाटात मांडून त्यांना हार घालू नये. वापरावीत. मेगरची डावी क्लिप सैल आहे, हे शिकणाऱ्याला सांगावं.

कलम ५. ट्रेनिंग रूमबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ती कोणाची हा प्रश्न येणार.

आम्ही १९८९ साली इथे आलो. मी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला, भानुदास वायरमन. मोठ्या साइट्सवर मोठ्या कंपन्यांची सेफ्टीची माणसं असतात. आमच्यासारख्या छोट्या इलेक्ट्रिकल ठेकेदारांकडे दहा-पंधरा माणसं, एक पिकअप आणि देवावर भरवसा. इथे युनियन नसते. मुंबईला भानुदासने युनियनमध्ये नऊ वर्षं काढली होती, त्याला ते फार लागायचं. म्हणायचा, "कामगाराची नाही तर नाही, ठेकेदारांनी तरी एकत्र बसावं." २००४ मध्ये आम्ही सात ठेकेदार एकत्र आलो. दोन मराठी, तीन मल्याळी, एक पेशावरचा, एक सिरियन. टेंडरचे कागद एकमेकांना दाखवायचे, लायसन्स नूतनीकरणाच्या तारखा एका फळ्यावर लिहायच्या, विमा एकत्र घ्यायचा, आणि सगळ्यांच्या माणसांना एका गोदामाच्या वरच्या खोलीत शिकवायचं. शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी हिंदीत शिकवते. बारा वर्षांपूर्वी फिझा आली, हैदराबादची, सेफ्टीचा कोर्स केलेली. आता निम्मे वर्ग तीच घेते.

आमच्यातल्या एका ठेकेदाराने माणसं न पाठवता बावीस सर्टिफिकेटं मागितली होती. "हबीबी, कागदच तर आहे," म्हणाला. मी दिली नाहीत. तो गट सोडून गेला आणि मी ठेकेदारी बुडवते असं सांगत फिरला. त्याच्याशी मी बोलत नाही. माझ्यानंतर इतर कोणीही बोलू नये अशी अट घालता येत नाही म्हणे, तेव्हा घालत नाही.

ट्रेनिंग रूममधलं माझं सामान, नमुन्याची पॅनेल्स, प्रथमोपचाराच्या सरावाचे पुतळे, प्रोजेक्टर, सगळं फिझा आणि गटाचे उरलेले पाच ठेकेदार यांच्याकडे संयुक्त राहील. अट एकच. 'बाबा खांबेटे केस' यापुढे कलम सहामध्ये लिहिली आहे तशीच शिकवावी. मी नऊ वर्षं ती खोटी शिकवली आहे.

कलम ६. आमचा पहिला धडा असा. ज्या लाइनवर काम करायचं तिचा मुख्य स्विच बंद करायचा. त्याला लाल कुलूप लावायचं. कुलपाला चिठ्ठी, चिठ्ठीवर काम करणाऱ्याचं नाव. किल्ली त्याच्याच खिशात. तो बाहेर येऊन स्वतः उघडेल तेव्हाच करंट सुरू. एका कुलपाला एकच किल्ली. नवीन कुलपाबरोबर दोन येतात, त्यातली एक पहिल्याच दिवशी तोडून टाकायची.

मी ती तोडत नसे. ड्रॉवरमध्ये एका डब्यात ठेवत असे. किल्ली हरवली तर चांगलं कुलूप कापावं लागेल, असा हिशेब.

मंगळवार, १७ मे २०१६. रास अल खोरमध्येच, ट्रेनिंग रूमपासून दोन गल्ल्यांवर एका शीतगृहाचं काम होतं. भानुदास मागच्या शेडमध्ये पॅनेल उघडून बसला होता. आमचे फोरमन सदानंद पालशेतकर यांनी सकाळी त्याच्यासमोर मुख्य स्विचला कुलूप लावलं आणि किल्ली त्याच्या हातात दिली. मग भानुदासनेच त्यांना केबलच्या टोकांना बसवायचे लग आणायला देराच्या बाजारात पाठवलं. एक वाजता दर्शनचा मला फोन आला. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि साइट तोच बघायचा.

"आई, बाबा फोन उचलत नाहीयेत. इथला मॅनेजर डोक्यावर बसलाय, मासे खराब होतील म्हणतो. लाइन चालू करायचीय. दुसरी किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

मी विचारलं, "बाबा कुठे आहेत?"

"दिसत नाहीयेत."

मी म्हणाले, "एक वाजलाय. जेवायला गेले असतील."

हे वाक्य माझं आहे. दर्शनचं नाही.

मी किल्ली घेऊन चालत गेले, गेटवर त्याच्या हातात दिली आणि परत आले, कारण माझा एकोणीस माणसांचा वर्ग बसला होता. वर्ग कुलपाचाच होता. वीस मिनिटांनी खाली ओरडाआरडा ऐकू आला.

भानुदास जेवायला गेला नव्हता. पॅनेलच्या मागच्या बाजूला वाकून काम करत होता. फोन बाहेर शर्टाच्या खिशात, शर्ट खिळ्याला.

दर्शनने घाबरून कुलूप आणि चिठ्ठी पँटच्या खिशात घातली. चौकशीला आलेल्यांना स्विचवर कुलूप दिसलं नाही. तेव्हा कुलूप लावलंच नव्हतं असं ठरलं. लावायचं काम फोरमनचं. भानुदासच्या जुडग्यात ती किल्ली होती, जुडगा मला परत मिळाला, पण कुलूपच नाही म्हटल्यावर कोणती किल्ली कशाची हे कोणी विचारलं नाही. सदानंद सांगत राहिले, "मी लावलं होतं, साहेबांसमोर लावलं होतं." चौथ्या दिवशी ते म्हणाले, "लावलं होतं असं मला वाटतं." आठव्या दिवशी काही म्हणाले नाहीत.

मी तिथेच बसले होते. दर्शन माझ्या बाजूला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही, घरीही त्या विषयावर बोललो नाही. मला वाटलं होतं रडू येईल आणि मग आपण बोलू. रडू आलं नाही.

मृताच्या वारसांनी माफ केलं तर इथे शिक्षा हलकी होते. आम्ही माफ केलं. मी आणि दर्शनने सह्या केल्या. सदानंदचा व्हिसा रद्द झाला, फोरमनचं कार्ड गेलं, ते गुहागरकडे गावी गेले. जाताना माझ्या पाया पडले. सगळ्या गटात आमच्या मनाच्या मोठेपणाची चर्चा झाली. सप्टेंबरपासून मी 'बाबा खांबेटे केस' शिकवायला लागले: फोरमन कुलूप लावायला विसरला, आणि बघा काय झालं.

कलम ७. हे कलम आधीच्या मसुद्यात नव्हतं. तिथे मी कलम सहा लिहून सही करणार होते. वर्ग पुढे फिझाला चालवायचा आहे, म्हणून मी तिला ते हिंदीत वाचून दाखवलं. ती बराच वेळ प्रोजेक्टरची वायर गुंडाळत राहिली. मग म्हणाली,

"मॅडम, ये आपके मरने के बाद खुलेगा?"

"हाँ."

"और वो आदमी आपसे पहले मर गया तो?"

मी त्याचा विचार केला नव्हता. सदानंद माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत.

त्या संध्याकाळी मी अल मनखूलला दर्शनकडे गेले. आभा क्लासला होती, अंतरा ऑफिसात. मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला.

"आई, नऊ वर्षं झाली. आता खलास कर ना. माझं लायसन्स जाईल. केस पुन्हा उघडली तर आत जाईन मी."

"हो, तसं होऊ शकतं."

"आणि तरी तू हे देणार?"

"माझ्यापुरतं लिहून देता येईल का ते पाहिलं. किल्ली मी दिली, पण स्विच मी चालू केला नाही. तुझ्याशिवाय ते पूर्ण होत नाही."

तो ओरडला. म्हणाला, "तू तेव्हा का नाही बोललीस? मी तुझ्याकडे बघत होतो. रोज बघत होतो, तू बोलशील म्हणून."

मी म्हणाले, "मी तुझी वाट बघत होते."

मग तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवायचा असतो हे मला ठाऊक आहे, म्हणून ठेवला. त्याने दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अंतराला बरोबर घेऊन तो माझ्याकडे आला. तिला त्याने सांगितलं होतं. ती माझ्याशी बोलली नाही, पण आली. दर्शन म्हणाला, "सदानंदकाकांना फोन लाव. मी इथे बसतो."

फोन त्यांची बायको कुंदा हिने घेतला, मग त्यांना दिला. मी सगळं क्रमाने सांगितलं. शेवटी म्हणाले,

"वहिनी, म्हणजे मी कुलूप लावलं होतं?"

"हो. लावलं होतं."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, मी तिसऱ्यांदा सांगितलं. मग ते म्हणाले, "हिला सांगा," आणि फोन कुंदाकडे दिला. मी तिलाही सांगितलं.

कुंदा म्हणाली, "हा माणूस नऊ वर्षं घरातला बल्ब बदलत नाही. शेजारच्याला हाक मारते मी. मिक्सरचं बटण मीच दाबायचं. रात्री उठून मला विचारतात, कुंदा, मी लावलं असेल का गं? आणि मी काय सांगायचे, ठाऊक आहे? विसरला असाल, पण त्यांनी माफ केलंय ना, झोपा आता." मग म्हणाली, "दर नवरात्रात देवीची एक ओटी तुमच्या नावाने भरत होते. माफ केलंत म्हणून. यापुढे भरणार नाही."

मी म्हणाले, "बरोबर आहे."

दर्शनने फोन मागून घेतला आणि गच्चीत गेला. तो काय बोलला, सदानंद काय म्हणाले, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. आत आल्यावर त्याने इतकंच सांगितलं, "पैसे वगैरे नको म्हणाले. कागद पाहिजे म्हणाले. सहीचा. मुलीच्या सासरी दाखवायचाय."

तो कागद आज, माझ्या हयातीत, तयार झाला आहे. त्यावर माझी आणि दर्शनची सही आहे. एक प्रत गुहागरला कुरिअरने गेली, एक आमच्या वकिलांकडे, एक फिझाकडे. वकील म्हणाले, पुढे काय होईल ते सांगता येत नाही. इन्शाल्ला म्हणायचं आणि थांबायचं. दर्शनने साइटची कामं दुसऱ्या सुपरवायझरकडे सोपवली आहेत. अंतरा अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. तरीही कलम एकमधलं काही बदलायचं नाही.

कागदातला मजकूर इथेही लिहून ठेवते, म्हणजे मागे कोणी वाद घालू नये:

दिनांक १७ मे २०१६ रोजी सदानंद रामचंद्र पालशेतकर यांनी आपलं काम नियमाप्रमाणे आणि पूर्ण केलं होतं. किल्ली मी दिली. स्विच दर्शनने चालू केला. त्या वर्षी आम्ही दोघांनी सदानंद यांना जी माफी लिहून दिली, ती या कागदाने मागे घेत आहोत, कारण माफ करण्यासारखं त्यांनी काहीही केलं नव्हतं.

वरील सर्व मी लिहिलं, वाचलं आणि मला मान्य आहे. साक्षीदारांना मजकूर दाखवलेला नाही. सही करताना मी शुद्धीत होते आणि हात माझाच होता, इतकीच त्यांची साक्ष.

सही: सुलभा भानुदास खांबेटे

साक्षीदार:
१. अपर्णा विनय दिघे, अल नहदा, शारजा (सही)
२. अंकुर मोहन सबनीस, इलेक्ट्रिकल ठेकेदार, रास अल खोर, दुबई (सही)

स्थळ: अल नहदा, शारजा
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५, शनिवार