मस्टरवरचे लाल शेरे

सोमवार, आवडी, चेन्नई

बाबा गेल्यावर त्यांच्या शाळेने काढलेली स्मरणिका आज पोस्टाने आली. आत छापलंय, "गुरुजी कधी उशिरा आले नाहीत. शाळेपुढे त्यांना घर दिसलं नाही." हे कौतुक? दादाला फोन केला, तर म्हणतो, "अगं, चांगलंच लिहिलंय की. चिडतेस कशाला?"

कशाला म्हणजे? आई सकाळी सातलाच दवाखान्यात ड्यूटीवर जायची. माझ्या दोन वेण्या रोज बाबाच घालायचे. एक वाकडी झाली की सोडून पुन्हा घालायचे, तोवर शाळेची घंटा होऊन जायची. हेडमास्तर मस्टरवर लाल शाईने 'उशीर' लिहायचे. बाबांनी कारण कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

छापायचेच तर ते लाल शेरे छापा म्हणावं. माझ्या वेण्यांचा तेवढाच लेखी पुरावा आहे.