अकरा अंडी, त्यातली तीन

दहिवडी,
१९ नोव्हेंबर १९७४

चि. विजयमाला हिस,
आशीर्वाद या खेपेला मोजकेच, वि. वि.

खुडूक कोंबडीखालच्या अकरा अंड्यांतली तीन तूच फोडलीस. उकिरड्यावरच्या टरफलांवर, उबवायला ठेवलेली अंडी ओळखायला आईने ओढलेली कोळशाची रेघ होती. शेजारच्या हरणाबाई मावशींनी ती आणून दाखवली. दिवाळीत तुला परसात बशी घेऊन बसलेली पाहिली, असंही सांगितलं.

मानमोडीच्या रोगात बावीस कोंबड्या मेल्या, ही एकच उरली. घरात पुन्हा कोंबड्या व्हायच्या त्या याच अंड्यांतून, हे तुला ठाऊक होतं. आई म्हणते, शिकून लय शानी झाली आन् मुंगसाचं काम करून गेली. मला सुचलेले शब्द त्याहून वाईट आहेत, ते लिहीत नाही.

उरली आठ. सम अंडी उबवायची नाहीत, म्हणून जोंधळ्यात जपून ठेवलेलं त्याच कोंबडीचं बारावं अंडं आईने काल तिच्याखाली सारलं.

तूर्त लोभ आवरून,
बाळासो

सांगली,
२२ नोव्हेंबर १९७४

ती. दादास साष्टांग नमस्कार, वि. वि.

अंडी मीच फोडली. विचारलं असतं तर आई नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. कॉलेजात उबवणीची पेटी आहे, पण अंडी फार्मवरची, आणि तिथे कोंबडाच नाही, म्हणून त्यांत पिल्लू धरत नाही. तीनदा नुसता बलक पाहिला. अंड्यातल्या पिल्लाची चित्रं काढायची परीक्षेची वही कोरीच. घरी शेजारचा कोंबडा परसात येतो. तिथल्या तिसऱ्या दिवशीच्या अंड्यात लाल धाग्यांचं जाळं होतं आणि मधे मोहरीएवढा ठिपका उडत होता. ते काळीज. पाय नाहीत, पंख नाहीत, आणि काळीज सुरू. पहिल्यानंतर थांबायला हवं होतं. थांबले नाही.

पण आठ दिवसांनी कोंबडीखाली नवं अंडं कुणी ठेवतं का? बाकीची एक डिसेंबरला फुटतील आणि कोंबडी पिल्लं घेऊन उठेल. त्या अंड्यातलं पिल्लू तेव्हा तेरा दिवसांचं असेल, चोच, नखं, पिसांचे कोंब आलेलं. ते गारठून मरेल. माझी तीन सगळ्यांना दिसली. सम-विषमापायी मरणारं हे चौथं कुणी मारलं म्हणायचं? हरणाबाई मावशींना विचार.

मी येऊन ते अंडं इथल्या पेटीत आणते. सरांनी परवानगी दिली आहे.

रागासकट तुझीच,
विजयमाला

दहिवडी,
२७ नोव्हेंबर १९७४

चि. विजयमाला हिस आशीर्वाद, वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं. काळजाचं आलं तेव्हा तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग तुला पुन्हा शिव्या दिल्या.

तू येऊ नकोस. तुझ्या हातात अंडं द्यायला ती तयार नाही. पिल्लं निघाली की सोमवारच्या सकाळच्या गाडीने, अंडं लोकरीत गुंडाळून पोटाशी बांधून, ती स्वतः सांगलीला येईल. ते फुटेपर्यंत, म्हणजे नऊ तारखेपर्यंत, तुझ्या खोलीवर राहील. तुझ्याशी बोलणार नाही, असंही तिने बजावून सांगितलं आहे.

स्टँडवर वेळेत ये. पेटी आधीच तापवून ठेव. लोभाचं नऊ तारखेनंतर बघू.

बाळासो