दाजींना गुलबर्गा सोसत नाही

निसर्गनगर लेआउट, गुलबर्गा
(सरकारी नाव कलबुर्गी, पण तू गुलबर्गाच म्हणतेस म्हणून तसंच लिहिलं)

तीर्थस्वरूप लिंगम्मा अक्का हिला धाकट्या बसवप्रभूचा शरणु शरणार्थी.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस का नुसतं बाटलीकडं बघून समाधान मानतेस? नव्या म्हशीनं लाथ मारायचं सोडलं का? इकडं नेत्रावतीची कंबर सोडली तर आम्ही सगळे ठीक आहोत. दाजींचा डोळा तर इतका बरा झालाय की समोरच्या गच्चीवरल्या टाकीची चीर त्यांना आमच्या दारातून दिसते. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनं एवढं मनावर घ्यायला नको होतं. आता तू म्हणशील, फोन सोडून ह्यानं पत्र कामून लिहिलं? तर अक्का, फोन लागला की इकडं दाजी मला चिकटून बसतात आणि तिकडं तू स्पीकर लावतेस, म्हणजे घरातली गोष्ट एका दमात सगळ्या दुबलगुंडी गावाला कळते. म्हणून हे पत्र आपल्या गल्लीतल्या शिवशरणच्या हाती पाठवतोय. फोडून वाचणार नाही अशी त्यानं शपथ घेतलीय, तेव्हा डिंक जरा जास्तच लावलाय.

दाजी डोळ्याच्या ऑपरेशनला आठ दिवसांसाठी आले होते हे तुला आठवत असेलच. तेव्हा संक्रांतीचे तीळ वाटीत होते. आता उगादीचं कडुलिंब-गुळाचं बेवुबेल्ल खाऊन संपलं, बसव जयंतीची मिरवणूक निघून गेली, आणि दाजी अजून इथंच आहेत. राहू देत, त्यांचंच घर आहे. माझी तक्रार राहण्याबद्दल नाही, राहून रोज गुलबर्ग्याला नावं ठेवण्याबद्दल आहे. पहिल्या दिवशी रिक्षातून एक पाय खाली ठेवला आणि म्हणाले, 'हितं माणूस न्हाई, वाळवण राहतंय.' पाणी प्यायले, ते मचूळ. चहा घेतला, तो कपभर नव्हता. दूध बघून म्हणाले, याला म्हशीची ओळख तरी हाय का. संध्याकाळपर्यंत त्यांनी निष्कर्ष काढला की शहरातले शेजारी माणसाला ओळखसुद्धा देत नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शोभाबाई डोळ्याची विचारपूस करायला आल्या, तर त्या गेल्यावर म्हणाले, हितली माणसं लय चौकशा करतात! निसर्गनगर या नावावरून तर त्यांनी मला आठवडाभर छळलं. (इथं निसर्ग म्हणजे दोन कडुलिंब आणि एक वारूळ आहे हे मी मान्य करतो. पण नाव मी ठेवलेलं नाही.)

आता गंमत बघ. बिदर जिल्ह्यातला जो माणूस येतो तो हेच बोलतो, आणि जो तो इथंच यायला बघतो. पोरीचं कॉलेज इथं, म्हाताऱ्याचं हृदय इथं, मुंबईची गाडी धरायची ती इथून. मागच्या महिन्यात नेत्रावतीच्या माहेरचे, आपल्या बिदरकडच्याच मेहकरचे पाव्हणे आले होते. दाजींनी त्यांना ऊन, पाणी, डास, भाजीचा भाव आणि माणुसकीचा ऱ्हास अशा क्रमानं सगळं समजावून दिलं. पाव्हणे मान हलवत होते, च् च् करत होते. तिच्या काकांनी तर डोळेच मिटले (जेवण जड झालं होतं). आणि निघताना तेच काका मला पायरीवर बाजूला घेऊन कानात काय म्हणाले असतील? 'जावईबापू, ह्या बाजूला एकादं घर रिकामं हाय का बघा की.' मी नेत्रावतीला म्हटलं, मेहकरला कधी कुणी नावं ठेवलेली ऐकलीस का? कोण ठेवणार? तिथं राहायला जायचंय कुणाला? (हे वाक्य तिनं खोडायला सांगितलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली म्हणून राहिलंय.)

बसव जयंतीला तर कहर झाला. लेआउटातल्या मंडळींनी दाजींना वडीलधारे म्हणून चार शब्द बोलायला उभं केलं. मी मनातल्या मनात हात जोडले, पण उपयोग झाला नाही. दाजी आधी कन्नडमध्ये बोलले. मग कुणी वंचित राहू नये म्हणून तेच मराठीत बोलले. मागं उभ्या असलेल्या मंडपवाल्यासाठी शेवटी थोडं दखनीतही बोलले. विषय एकच, ह्या जागेत माणसानं का राहू नये. आणि अक्का, टाळ्या! आम्ही इथले रहिवासी, घरपट्टी भरणारे, आम्हीच सगळ्यात जास्त वाजवल्या. पहिल्या रांगेत शोभाबाई बसल्या होत्या. त्या मात्र टाळ्या न वाजवता एकेक शब्द मन लावून ऐकत होत्या. त्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या. त्यांनी आपल्या घराला लागून मुलासाठी, धम्मानंदसाठी, एक लहानसं घर बांधलंय. पण धम्मानंदला हैदराबादला नोकरी लागली आणि घर तसंच बंद आहे. ते घर लक्षात ठेव.

त्यानंतर दाजींचा फिरण्याचा नेम वाढला. चहा झाला की 'गुडीकडं जाऊन येतो' म्हणून निघायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. नेत्रावती म्हणाली, देवळापर्यंत जाऊन येणाऱ्या माणसाच्या चपलांना धूळ कशी लागत नाही? मी म्हटलं, रस्ता सुधारला असंल. (रस्ता सुधारला नव्हता.) मग गेल्या सोमवारी दिवे लागले तरी दाजी आले नाहीत. फोन उशाशीच राहिलेला. तेवढ्यात वीज गेली. एक डोळा नवा, दुसरा जुनाच, आणि सगळीकडं अंधार. मी देवळात जाऊन आलो, तळ्याच्या कडेनं हाका मारत फिरलो, बसस्टँडवर हुमनाबादच्या गाडीत चढून एकेका सीटवर वाकून बघितलं. (एका भल्या माणसाला त्याची टोपी काढून बघितलं, त्यावरून थोडं झालं.) वाटेत एकच डोक्यात, अक्काला काय सांगायचं? घरी आलो तर नेत्रावती दारात रडत उभी. रडता रडता म्हणाली, शोभाबाईंच्या बंद घरात कुणीतरी आहे, काहीतरी वाजतंय.

मी एका हातात मोबाइलची बॅटरी आणि दुसऱ्या हातात लाटणं घेऊन मागच्या दारानं शिरलो. कडी काढलेली, दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात ओट्यासमोर दाजी दोन्ही हात पसरून, भिंतीला छाती लावून उभे!

'दाजी, काय करायलाव हितं?'

'काय न्हाई. भिंतीला ओल हाय का बघायलोय.'

'अंधारात?'

हात तसेच पसरलेले. दाजी भिंतीकडंच तोंड ठेवून म्हणाले, 'तिची पिठाची कोठी बसती का बघायलोय. बसती. ओटा उभ्यानं रांधायचा हाय, बसा-उठायचं काम न्हाई. न्हाणीघर आत हाय. पावसाळ्यात तिला अंगणातल्या चिखलातनं जावं लागणार न्हाई. मागल्या साली पडली तवा मी शेतात होतो, बसवू. शेजारणीनं उचललं तिला.'

अक्का, तू पडल्याचं मला सांगितलं नव्हतंस. मी लाटणं ओट्यावर ठेवलं आणि दोघं तिथंच शहाबादी फरशीवर बसलो. मी विचारलं, मग इतके महिने गुलबर्ग्याला शिव्या कशापायी? तर म्हणाले, 'गावातनं जो कोण उठून शहरात गेला, त्याला पारावर बसून मीच बोललो. आता कंच्या तोंडानं म्हणू, मलाबी जायचंय?' वीज आली तेव्हा त्यांच्या नव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं होतं. ते म्हणाले उजेडानं. मी व्हय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ही हकीकत मी ईरण्णाला सांगितली. हा आमच्या मागं राहतो, बाजारात तुरीची आडत आहे, आणि चहाला कधी नाही म्हणत नाही. तो हसायलाच लागला. म्हणाला, 'त्यात काय नवल? घेणारा कधी माल चांगला हाय म्हणतोय का? ज्या ढिगाकडं जायचंच न्हाई, त्याला कोण नावं ठेवतंय? मूठ भरून, दाणा चावून, ओली हाय, बारीक हाय, खडा हाय म्हणला की समजायचं, ह्येला हीच तूर पाहिजे.' मला एकदम सगळं गाव समजलं. मेहकरचे काकाही समजले. त्याच जोरावर मी दाजींना नवं धोतर नेसवून शोभाबाईंकडं घेऊन गेलो आणि सरळ घर मागितलं.

शोभाबाईंनी पाणी दिलं, चहा दिला आणि शांतपणे नाही म्हणाल्या.

'अप्पा, तुमचं भाषण मी ऐकलंय. तुम्हाला हितलं ऊन सोसत न्हाई, पाणी सोसत न्हाई, माणसं तर अजिबातच सोसत न्हाईत. मी जन्मभर नर्स होते. माणसाला ज्याचा त्रास होतोय, ते त्याला द्यायचं न्हाई, एवढंच मला शिकवलंय.'

दाजींचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यांनी चांगलं बोलायचा प्रयत्न केला, अगदी घाम येईपर्यंत केला. म्हणाले, 'पाणी तसं वाईट न्हाई. मचूळ हाय, पण... वाईट न्हाई.' मग जरा थांबून, 'डासबी सगळ्यांनाच चावतेत.' शोभाबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, 'बघा.' आम्ही चहा संपवून परत आलो.

तेव्हापासून दाजी गप्प आहेत. काल आमटीत मीठ नव्हतं तरी काही बोलले नाहीत. नेत्रावती घाबरून डॉक्टरला फोन लावायला निघाली होती. असो. हकीकत कळवावी एवढ्यासाठीच लिहिलं. माझं तुझ्याकडं मागणं काही नाही. गुडघ्यांना जप. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीला यातलं जे लागू पडेल ते.

तुझा धाकटा भाऊ,
बसवप्रभू

ता. क. मागणं एकच आहे. पत्र वाचून झालं की पहिल्या गाडीनं इकडं ये. शोभाबाई परत बोलावून म्हणाल्या, 'घरात राबणार ती. तिला येऊन बघू दे. तिला आवडलं तर अप्पांचं मी ऐकलंच न्हाई असं समजीन.' तेव्हा ये, ओट्यापाशी उभी राहा आणि मोठ्यानं चांगलं म्हण. खरंच आवडलं तरच म्हण. पण आवडून घे.

आणखी एक. गावात विचारलं तर म्हण, गुलबर्ग्यात काही राम नाही, धाकट्याची तब्येत बघायला चाललेय. माझी तब्येत उत्तम आहे, पण रिकाम्या घरासाठी मेहकरच्या काकांचा परवापासून तीनदा फोन येऊन गेलाय.

आणखी एक. डिंक वाळेपर्यंत पत्र खिडकीत ठेवलं होतं, ते दाजींनी उघडून सगळं वाचलं, तेही चष्म्याशिवाय. रागावतील असं वाटलं होतं. पण पेन मागून घेतलं, 'तिला मी सोता लिवतो' म्हणाले, आणि दुपारभर बसून खालची ओळ लिहिली. आम्ही दोघांनी त्यात काही बदल केलेला नाही.

लिंगू, हितलं ऊन लय वाईट हाय. येताना छत्री आण. आणि कोठी.