पाऊस वेगळा विकायचा

अकोला,
१९ जानेवारी २०१६

प्रिय सहदेव,

रामराम. शकुनवहिनींना माझा सलाम सांग. आम्ही सगळे इथे बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

या हातांनी मी काय काय केलं ते आज सकाळपासून आठवत बसलोय. ट्रकच्या जुन्या जॅकपासून बाइंडिंगचं दाबयंत्र केलं. करवतीच्या पात्याचा सुरा केला, त्याने कापलेल्या पुठ्ठ्याची कड बोटाला मऊ लागते. अनीसाच्या लग्नात मिठाईचे डबे केले, एकाचंही झाकण सैल नव्हतं. मशिदीच्या किताबांना जिल्द बांधली, मठाच्या पोथ्यांनाही बांधली. आणि आपला पत्त्यांचा खेळ, 'फुलबाजार'. पेटी मी केली, पत्ते मी कापले, पत्त्यांचे कोपरेही मीच गोल केले. कोपरे गोल करायचं साधन विकत मिळतं. मी ते पाण्याच्या पाइपाचा तुकडा घासून बनवलं. सातवी नापास माणसाने.

पत्ते माझे, पण खेळ तुझा. झेंडू कधी लावायचा, दसऱ्याच्या सकाळी भाव कसा चढतो आणि संध्याकाळी तीच फुलं गाईपुढे कशी टाकावी लागतात, हे मला भातकुली गावी तुझ्या मळ्याच्या बांधावर बसून कळलं. पावसाचे पत्ते आधी मी ज्याच्या त्याच्या हातात वाटत होतो. तू म्हणालास, "पाऊस मधात ठेव बे. तो काय कोनाच्या बापाचा आहे?" पावसाचा गठ्ठा मधात आला, ज्याची पाळी त्याने वरचा पत्ता उचलायचा, आणि त्या दिवशी खेळ उभा राहिला.

तू फोनवर एकच विचारतोस, अमरावतीच्या गोवर्धनशेठचं काय झालं. त्याने खेळ घेतला तर विहिरीत आडवे बोअर मारून मळा ठेवायचा, नाहीतर सुरतेला चौकीदारीला जायचं, असं तुझं ठरलेलं. आणि मी म्हणतो, आवाज कटून राहिला. आवाज नीट येत होता.

दिवाळीनंतर गेलो होतो त्याच्याकडे. खेळण्यांचा ठोक व्यापारी, पाच जिल्ह्यांत माल जातो. पेटी त्याने उलटीपालटी करून पाहिली.

"माल भारी आहे, गुलफामभाई. पन पाऊस पेटीत काहून घातला?"

"त्याच्याशिवाय खेळच होत नाही."

"तेच तं! होत नाही म्हनूनच वेगळा विकाचा."

मग त्याने मला धंदा शिकवला. "पेटीवर दोनशे छापाचे. पोट्ट्याच्या बापाले दीडशेत द्याची. त्याले वाटते पन्नास वाचले. त्यात आपल्याले काई सुटत नाही, सुटू बी नये. घोडं फुकट द्याचं, चारा आपल्याच दुकानातून न्याले लावाचा. पावसाचं पाकीट साठ रुपयाचं. कागदाचे लागले पाच. पाकिटावर कोनी भाव करत नाही, पोट्टं रडून राहते ना! अन् दर दिवाळीले नवं पाकीट. गारपीट काढा, धुकं काढा. पत्ते ज्याचे त्याच्याच हातात."

"आणि ज्याने पाकीट घेतलं नाही, त्याच्या शेतात?"

"दुष्काळ," म्हणाला आणि हसत चहा सांगितला. "खरंच तं आहे."

मी चहा घेतला नाही. तो चांगला होता असं त्याच्या मुनीमाने नंतर जिन्यात सांगितलं.

गेल्या रविवारी अचलपूरला अनीसाकडे गेलो. तिची जेबा आणि शेजारची गुलनार ओसरीवर पत्ते मांडून बसलेल्या. खेळाचं नाव 'संत्राबाग'. झेंडूच्या जागी संत्री, बाकी सगळा आपला डाव. बाजूला गोवर्धनशेठच्या छापाची पेटी पडली होती. पत्ता उचलून पाहिला. कागद पातळ, कोपरे चौकोनी, चार डावांत दुमडणार. मधात गठ्ठा नव्हता. जेबाच्या हातात ढीगभर पाऊस. गुलनारकडे एकच पत्ता, पेटीत नमुन्याला फुकट आलेला.

"कौन जीतेगा?" मी विचारलं.

"मैं, मामू. मैंने तीन पाकीट लिये."

"फिर गुलनार क्यों खेल रही?"

"किसी को तो हारना पडता ना," जेबा म्हणाली. गुलनार हसली आणि पुढचा पत्ता टाकला.

मला खात्री होती की असा खेळ कोणी खेळणार नाही. पाऊस विकत घ्यावा लागला तर पोरं पत्ते फेकून देतील, असं मी अमरावतीहून परतताना एसटीत स्वतःला सांगत आलो होतो. सहदेव, पोरं मजेत खेळून राहिली आहेत. त्यांची पेटी दुकानात दीडशेला आहे. आपल्या पेटीला मलाच एकशे साठ खर्च येतो. माझ्याकडच्या पेट्या फळीवर आहेत, तिथेच राहतील.

काल वहिनींचा फोन आला. वाफे मोडले म्हणाल्या. महिनाअखेरीची सुरतेची गाडी आहे म्हणे. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं. नाहीतर तिकडे फाटकावर बसून तू चारचौघांत सांगशील, "गुलफामले गिऱ्हाईक भेटलं नाही बिचाऱ्याले." तेवढं मला सोसणार नाही.

गिऱ्हाईक भेटलं होतं. गोवर्धनशेठने खेळ कायमचा विकत मागितला होता, पाऊस वेगळ्या पाकिटात काढायच्या अटीवर. तुला न विचारता मी नाही म्हणालो. एक लाख ऐंशी हजार, रोख. त्यातले नव्वद तुझे.

गुलफाम